लिहिले खरे, पण सापडणार कुणाला?

वेळ अमावस्येची सकाळ होती. लातूर-निलंग्याकडच्या मैत्रिणींना या दिवसाची लगबग काय सांगावी! पहाटेपासून भज्जी रटरटत असते, आदल्या दिवशी घातलेली आंबील मुरलेली असते, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर भरून घ्यायची आणि घराला कुलूप लावून सगळ्यांनी शेताकडे निघायचे. नेमक्या त्याच गडबडीत फोन वाजला. पुण्याहून पुतणी बोलत होती. उन्हाळ्यातच लग्न झालेले. आई दोन वर्षांपूर्वी गेली. आवाज अगदी रडवेला.

"काकू, भज्जीत ताक घातलं आणि सगळं फुटलं बघा. पाणी वेगळं, चोथा वेगळा. ह्यांच्या घरी कुणाला येळवस माहीत नाही. मीच हौसेनं सगळ्यांना जेवायला बोलावलंय. आता काय करू?"

मी तिला धीर दिला. ताकात आधी बेसन गुठळी न होऊ देता कालवायचे, मग ते मंद आचेवर भाज्यांत सोडायचे आणि उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही, हे सांगितले. पोरीने नव्याने भांडे चढवले. फोन ठेवता ठेवता मी सहज म्हटले, "अगं, निलंग्याच्या काकूनं तर हे सगळं इंटरनेटवर लिहून ठेवलंय. ते नाही का पाहिलंस?"

"काकूनं लिहिलंय? कुठं? मी काल रात्री तासभर शोधत होते. दुसरंच काहीतरी सापडलं, तेच बघून केलं आणि ही गत झाली!"

मैत्रिणींनो, मला वाईट वाटले ते याचे. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी मन लावून लिहिलेले होते. जिला त्याची गरज होती, ती घरचीच मुलगी होती. शिवाय या मुलीचे पुण्यातले कामच असे, की लोकांनी फोनवर शोधले की कंपन्यांची माहिती त्यांना चटकन सापडावी! आणि तिलाच स्वतःच्या काकूचे लिखाण सापडले नाही. घरात दिवा आहे, पण तो कोणत्या कोनाड्यात ठेवलाय हे कुणालाच ठाऊक नाही, अशातली गत.

दोष कुणाचा?

आमच्या जाऊबाई निलंग्यात असतात. हाताला चव आहे आणि लेखणीलाही. वर्षभरापूर्वी मुलाने त्यांना इंटरनेटवर लिहायला एक जागा करून दिली. याला ब्लॉग म्हणतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. आपण तिला वही म्हणू. दुपारची भांडी आवरली की बाई अर्धा तास त्या वहीत लिहायच्या. काळा मसाला, येसर, धपाटे, सुशीला, सासूबाईंनी सांगितलेल्या वाळवणाच्या युक्त्या, सगळे काही. पण मला भेटल्या की एकच तक्रार:

"अक्का, वर्ष झालं लिहूलाले. कोणी वाचूलालंय म्हणता का? आपणच लिहायचं अन् आपणच वाचायचं!"

त्या संध्याकाळी मी त्यांचा वेळ अमावस्येवरचा लेख काढून बसले. मथळा होता, 'शिवारातले सोनेरी क्षण'. पहिले तीन परिच्छेद दवबिंदूंचे आणि कोवळ्या उन्हाचे. भज्जी आली ती आठव्या परिच्छेदात, तीही 'ती चविष्ट मेजवानी' या नावाने. 'येळवस' हा शब्द शोधून सापडेना. ताक फुटू नये म्हणून काय करावे, हे मात्र शेवटी नेमके लिहिलेले होते. आता तुम्हीच सांगा, घाबरीघुबरी झालेली मुलगी 'सोनेरी क्षण' शोधेल, की 'भज्जीतलं ताक का फुटतं' हे शोधेल?

पुढचे काही रविवार या काकू-पुतणीची फोनवर शाळा भरली. काकूने भज्जी, उंडे, आंबील शिकवली. पुतणीने लिहिलेले सापडावे कसे, ते शिकवले. मी मधे बसून टिपून घेतले. तुमच्यापैकी कितीतरी जणी आज पाककृती लिहितात, विणकामाचे नमुने टाकतात, आजीकडच्या औषधी काढ्यांची नोंद ठेवतात, कुणी पापड-लोणची विकतात. त्या सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती टिपणे तुमच्यापुढे ठेवते.

गूगल वाचते तरी कसे?

गूगल सुरू झाले १९९८ साली. पुष्कळजणींची समजूत अशी, की आपण काही विचारले की ते त्या क्षणी जगभर धावत सुटते. तसे नाही बरं का. त्याची यंत्रे आधीच इंटरनेटवर फिरून वाचून ठेवतात आणि कोणता शब्द कुठे आहे याची मोठी सूची तयार करतात. जाड पुस्तकाच्या शेवटी असते ना, तशीच सूची. आपण विचारले की ते त्या सूचीत बघते आणि त्यांतले कोणते आधी दाखवायचे ते ठरवते. ठरवताना बऱ्याच गोष्टी पाहते: विचारलेल्या गोष्टीचे उत्तर इथे आहे का, मथळा काय सांगतो, आणि दुसऱ्या किती जाणत्यांनी आपल्या लिखाणात याचा दाखला दिला आहे.

म्हणजे हिशेब सोपा आहे. जो शब्द तुम्ही लिहिलाच नाही, त्याखाली तुमचे नाव सूचीत चढणे कठीण. अलीकडे ही यंत्रे थोडाफार मथितार्थही ओळखतात; पण निलंग्याकडची बोली त्यांना कितीशी कळणार? तिथे आपणच सरळ शब्दांत सांगितलेले बरे.

तिचा शब्द, आपला नव्हे

पुतणीने पहिला धडा दिला तो हा: लिहिण्यापूर्वी, शोधणारी बाई काय विचारील ते कागदावर मांडा. आमच्या सणाचेच पाहा. कुणी 'येळवस' म्हणते, कुणी 'वेळ अमावस्या', कुणी 'वेळा अमावस्या', पंचांग पाहणारी 'दर्शवेळा अमावस्या' म्हणते. लातूरची लेक एक शब्द घालील आणि तिची सोलापूरची मैत्रीण दुसरा. तेव्हा मथळ्यात मुख्य दोन नावे घ्यावीत आणि बाकीची पहिल्या परिच्छेदात ओघाने यावीत: 'आमच्याकडे येळवस म्हणतात, तीच ही वेळा अमावस्या.' एवढे पुरे. तेच ते शब्द वीस वेळा कोंबू नयेत. आमटीत हिंग जास्त झाला की आमटीच जाते. आणि गूगललाही अशी कोंबाकोंबी आवडत नाही.

शोधणारी काय विचारते हे कळायचे कसे? फोनवर गूगल उघडा आणि 'उंडे' एवढेच लिहून थांबा. खाली आपोआप काही वाक्ये उमटतात. ती पुष्कळशी लोकांनी पूर्वी विचारलेल्या प्रश्नांवरूनच आलेली असतात. बऱ्याचदा आणखी खाली 'लोक हेही विचारतात' अशी एक चौकट दिसते. ती म्हणजे तुमच्यासाठी तयार असलेली विषयांची यादीच! शिवाय फुकट.

आणखी एक गोष्ट. आपल्या मुली मराठी शब्द पुष्कळदा रोमन अक्षरांत लिहून शोधतात. म्हणून लेखात एखाद्या ठिकाणी पदार्थाचे नाव रोमन अक्षरांतही दिले तर बिघडत नाही. आणि २०१७ सालापासून गूगलला मराठीत नुसते बोलूनही सांगता येते. कणकेचे हात असलेली बाई फोनला काय विचारील? 'बाजरीचे उंडे कडक का होतात?' असेच ना? मग लेखातले एखादे उपशीर्षक अगदी असेच, बोलल्यासारखे ठेवा आणि त्याच्या लगेच खाली दोन ओळींत उत्तर द्या. दवबिंदू, कोवळे ऊन, सासूबाईंची आठवण, सगळे लिहा, पण नंतर. पाहुणी दारात तहानलेली उभी असताना आधी पाणी द्यायचे की दिवाणखान्यातली तसबीर दाखवायची?

आणि एका लेखात एकच प्रश्न घ्या. भज्जी, उंडे, आंबील आणि खीर एकाच लेखात घातलीत तर एकाचेही उत्तर पुरते होत नाही. चार लेख करा आणि प्रत्येकात बाकीच्या तिघांकडे बोट दाखवा: 'याच्याबरोबर लागणारी आंबील इथे पाहा.' वाचणारी एकातून दुसऱ्यात जाते आणि गूगललाही तुमच्या वहीतल्या वाटा समजतात.

इथे मला कमलाबाई ओगल्यांची आठवण होते. त्यांचे 'रुचिरा' निघाले १९७० साली. चौथीपर्यंत शिकलेल्या या गृहिणीच्या पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या. का बरे? माझे मत विचाराल तर त्यांनी प्रमाण दिले ते वाट्यांत आणि चमच्यांत. परगावी बिऱ्हाड थाटलेल्या नव्या नवरीला 'अंदाजाने मीठ' कळत नाही. तिचा प्रश्न 'किती?' हाच असतो. त्याचे उत्तर जिथे मिळाले, ते पुस्तक आईने लेकीला दिले आणि लेकीने नणंदेला. तेव्हा गूगल नव्हते, पण नियम तोच होता.

गावाचे नाव सोडू नका

दुसरा धडा. जे सगळ्या जगाने लिहिले आहे, तेच आपण पुन्हा लिहून उपयोग नाही. पनीरच्या भाजीवर इतके लिखाण पडले आहे, की त्या गर्दीत निलंग्याच्या बाईचा आवाज ऐकू येणार नाही. पण येसर कसा भाजायचा, हे किती जणींनी लिहिले असेल?

आपल्या निलंग्याचाच दाखला घ्या. 'निलंगा राईस' ही अक्षरे आज लातुरातच काय, पुण्यातल्या गाड्यांवरही दिसतात. मसालेदार भात कुठे होत नाही? पण या भाताने गावाचे नाव बरोबर घेतले. एकाने खाल्ला, दुसऱ्याला सांगितले, आणि सांगताना नाव आपोआप पुढे गेले. नुसता 'चमचमीत भात' म्हटले असते तर कुणाच्या लक्षात राहिला असता?

२०२४ साली लातूर जिल्ह्यातल्या तीन जिनसांना भौगोलिक मानांकन मिळाले: पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर. यांतली पानचिंचोली आणि बोरसुरी ही दोन्ही गावे आपल्या निलंगा तालुक्यातली! आता मुंबईची एखादी बाई वर्तमानपत्रात हे वाचते आणि फोनवर विचारते, 'बोरसुरीच्या डाळीचं वरण कसं करतात? पाणी किती?' त्याचे उत्तर तुमच्याखेरीज कोण देणार? जाऊबाईंना हे इतके पटले, की त्यांनी चिंचेचे सार, चिंचेचा ठेचा आणि वर्षभराची चिंच मीठ लावून कशी ठेवावी, असे तीन लेख ओळीने लिहिले. मात्र एक पथ्य पाळावे. आपली डाळ दुसऱ्या गावची असेल तर तिला बोरसुरीची म्हणू नये. मानांकनाचे नाव खोटे लावणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि वाचणारीची फसवणूक तर आहेच.

वेळ पाहून वाढावे

लेख लिहिला की गूगलच्या सूचीत तो लगेच चढतो असे नाही. कधी दोन दिवस लागतात, तर कधी काही आठवडे. म्हणून येळवशीचा लेख येळवशीच्या आदल्या रात्री लिहून उपयोग नाही; निदान महिना-दीड महिना आधी हवा. वाळवणाचे लेख उन्हे तापायच्या आधी, संक्रांतीचे मार्गशीर्षातच. आपण गृहिणी वर्षाचे तिखट-मीठ महिनोन् महिने आधी भरतो, तेव्हा हे आपल्याला शिकवायला नकोच.

दर वर्षी नवा लेख लिहायचीही गरज नाही. जुनाच काढावा, त्यात सुधारणा करावी, राहिलेला प्रश्न घालावा. जुन्या मुरलेल्या लोणच्यासारखा जुना लेख पुष्कळदा जास्त चालतो.

फोटो काढाल तो स्वतःचाच काढा. फोनने दिलेले आकड्यांचे नाव बदलून 'येळवस भज्जी निलंगा' असे ठेवा. फोटोचे दोन शब्दांत वर्णन लिहायला जागा असते, तीही भरा. गूगलचे यंत्र चित्रे ओळखायला शिकले आहे हे खरे. पण भज्जी आणि पिठल्यातला फरक त्याला तुम्ही सांगितलात तर बरे. आणि फोटो फार जड नको. खेड्यात रेंज कमी असते, लेख उघडेपर्यंत वाचणारीचा धीर सुटतो.

वाटायचे कसे?

आता व्हॉट्सअ‍ॅपकडे वळू. तुम्ही म्हणाल, "आम्ही तर सगळ्या ग्रुपवर पाठवतो, मग?" इथेच तर गोम आहे. जाऊबाई अख्खी पाककृती ग्रुपवर पाठवायच्या. ती तिथून दुसऱ्या ग्रुपवर गेली, तिसऱ्यावर गेली, आणि वाटेत कुठेतरी खालचे नाव गळून पडले. सहा महिन्यांनी त्यांचाच काळा मसाला 'आमच्या आजीचा खास' म्हणून त्यांच्याच फोनवर परत आला! शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे गूगलला दिसत नाही. तिथे लिहिलेले आठ दिवसांत वर सरकून जाते आणि पुढच्या वर्षी कुणी शोधले तरी मिळत नाही.

म्हणून मूळ लिखाण आपल्या वहीत ठेवा. ग्रुपवर दोनच ओळी पाठवा, पण कामाच्या: 'भज्जीतले ताक फुटत असेल तर बेसन आधी कालवा. उरलेले प्रमाण इथे आहे.' आणि खाली लेखाचा दुवा द्या. ज्यांना हवे त्या उघडतील. निरोप पुढे पाठवायला व्हॉट्सअ‍ॅपने भारतात २०१८ सालापासून एका वेळी पाचच गप्पांची मर्यादा घातली आहे, आणि फार फिरलेला निरोप २०२० पासून एका वेळी एकीकडेच पाठवता येतो. तेव्हा शंभर ठिकाणी ढकलण्यापेक्षा, खरोखर गरज असलेल्या पाच जणींना पाठवणे शहाणपणाचे.

रोज सकाळी दुवा टाकून ग्रुपला वैताग आणू नका. हळदीकुंकवाला रोज बोलावले तर कोण येईल? त्यापेक्षा ग्रुपवर कुणी काही विचारले, की तिथे तुमचा लेख द्या. 'पापड लाल का होतात?' असे कुणी म्हणाले आणि तुमच्याकडे उत्तर आहे, तर ती वेळ साधावी. भिशीत, महिला मंडळात एखादीला करून बघायला सांगा आणि 'काय चुकलं ते मला सांगा' म्हणा. तिने सांगितलेली चूक लेखात घाला. दुसरी कुणी चांगले लिहीत असेल तर आपल्या लेखात तिचे नाव घेऊन तिच्याकडे बोट दाखवा. ती तुमच्याकडे दाखवील. गूगल जो दाखला मोजते, तो असा शेजारधर्मातून तयार होतो. विकत घेतलेला फार काळ टिकत नाही.

लिहायला जमत नाही म्हणून मागे राहू नका. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमनबाई धामणे यांना २०२० साली नातवाने यूट्यूबवर आणले. 'आपली आजी' म्हणून त्या महाराष्ट्रभर पोहोचल्या. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत राहत असताना आपल्या पाककृतींच्या चित्रफिती सुरू केल्या. चित्रफीत केलीत तरी नियम हेच: मथळ्यात पदार्थाचे रोजचे नाव, खाली लेखी प्रमाण, आणि सुरुवातीलाच उत्तर.

सांभाळून असा

नाव होऊ लागले की माश्या घोंगावतातच. 'पाच हजार द्या, तुमचे लिखाण गूगलवर पहिले आणतो' असे फोन येतील. गूगल स्वतःच सांगते, की पहिल्या जागेची हमी कुणीही देऊ शकत नाही. तेव्हा नम्रपणे फोन ठेवावा. ओटीपी कुणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवा. लवकर कळवले तर पैसे वाचण्याची आशा असते.

लेखाखाली घरचा पत्ता आणि रोजचा फोन नंबर देऊ नका. मुलांच्या शाळेचे फोटो नकोत. पत्रव्यवहारासाठी वेगळा ईमेल ठेवा. तुमचे शब्द आणि तुमचे फोटो यांवर कायद्याने तुमचा हक्क असतो. कुणी ते जसेच्या तसे उचलले तर आधी सौजन्याने कळवा. नाही ऐकले तर गूगलकडे तक्रार करता येते. फोटोच्या कोपऱ्यात आपले नाव घालायची सवय लावा. साहित्याची यादी मात्र कुणाच्या मालकीची नसते, तिखट-मीठ-हळद सगळ्यांचेच.

आणि हो, सगळ्यात मोठी चूक सांगते. जाऊबाईंच्या लेखाखाली नाव होते, 'एक गृहिणी'! पुतणीने विचारले, "काकू, तुमचं नाव कुठंय?" त्यावर बाई म्हणाल्या, "नाव कशाला टाकायचं बाई, उगं." वीस वर्षे घरात काळा मसाला कुटला तो 'अमक्यांच्या घरचा मसाला' झाला. आता पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिले, तिथेही नाव नाही! मैत्रिणींनो, संकोच करू नका. घरच्यांशी बोला, त्यांना वाचून दाखवा, आणि नाव घाला. नाव-गाव असले की वाचणारीचाही विश्वास बसतो, की हे कुणीतरी खरोखर करून पाहिलेले आहे.

मग पुढे काय झाले?

जाऊबाईंनी जुने लेख एकेक करून दुरुस्त केले. 'शिवारातले सोनेरी क्षण'चे नाव झाले 'येळवशीची भज्जी: ताक न फुटता कशी करावी? (वेळ अमावस्या, निलंगा)'. दवबिंदू तसेच ठेवले, फक्त खाली नेले. गूगलचे 'सर्च कन्सोल' नावाचे एक फुकट साधन आहे. लोक काय शोधत आपल्यापर्यंत आले, त्याची बरीचशी यादी त्यात मिळते. पुतणीने ते जोडून दिले. पहिले दोन-तीन महिने त्या यादीत फारसे काही नव्हते. बाईंचा धीर सुटत होता. "अक्का, ह्या वयात हे काय खूळ घेतलंय मी," असेही म्हणून झाले.

मग आली पुढची वेळ अमावस्या. त्या दिवशी आम्ही सगळी शेतावर होतो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, पंगत उठली. चार दिवसांनी जाऊबाईंनी ती यादी उघडली. लाखो माणसे आली नव्हती. काही शेकडा असतील. पण त्या यादीत एक ओळ होती, जी वाचून त्यांनी मला फोन केला. कुणीतरी शोधले होते, 'भज्जी फुटली आता काय करावे'.

"अक्का, कोण असंल हो ती?" त्या म्हणाल्या. "मी तर फुटू नये म्हणून काय करावं ते लिहिलंय. फुटल्यावर काय करावं, ते लिहिलंच नाही की!"

त्याच दुपारी त्यांनी लेखाच्या अगदी वर चार ओळी घातल्या. फुटलीच तर घाबरू नका. गॅस बारीक करा, दोन चमचे बेसन थंड पाण्यात कालवून हळूहळू सोडा, एकाच दिशेने ढवळत राहा, पुष्कळशी सावरते.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढेच करा. कागद घ्या आणि लेकीबाळी, भाच्या, शेजारणी तुम्हाला फोन करून जे पाच प्रश्न विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. त्यातल्या एकाचे उत्तर वाटी-चमच्याच्या प्रमाणासह लिहा. वर तोच प्रश्न मथळा म्हणून घाला आणि खाली आपले नाव, आपले गाव. मग बघा, कोण कुठून शोधत येते ते!